सत्तर वर्षांनी लागलेला पत्ता

१२ एप्रिल १९४५ च्या दुपारी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज गावी आपल्या घरात एका चित्रकर्तीसमोर बसले होते. डोकं भयंकर दुखतंय, असं ते म्हणाले आणि त्यांची शुद्ध हरपली. हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी दंडाला पट्टा बांधला, तेव्हा पारा ३००/१९० वर होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन-अडीच तासांत सगळं संपलं. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसावर त्याआधी वर्षभर जे उपचार चालले होते, त्यांची यादी आज वाचवत नाही: डिजिटॅलिस, जेवणात मीठ कमी, सिगारेटी कमी, दुपारी विश्रांती. यात ब्रुएन यांची हयगय नव्हती. रक्तदाब खाली आणणारी धड गोळीच त्या काळी नव्हती.

दुसरे पर्याय होते, पण ते घेण्यापेक्षा आजार बरा. ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर रुग्णांना महिनोन् महिने नुसता भात आणि फळं खायला घालत. बॉस्टनमध्ये शल्यविशारद पाठीच्या कण्याशेजारच्या नसा कापून टाकत. त्यानंतर रुग्ण उभा राहिला की त्याला घेरी येई. शिवाय कित्येक मातब्बर डॉक्टरांची समजूत अशी, की वय झालं की धमन्या ताठ होतात आणि त्यांतून रक्त ढकलायला जादा दाब लागतोच. तो कमी केला तर रुग्णाचं भलं होण्याऐवजी वाटोळं होईल.

त्याच १९४५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या सिबा कंपनीने एका रसायनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. शोध चालला होता मलेरियावरच्या औषधाचा. संपत आलेल्या महायुद्धात बंदुकीच्या गोळीइतकाच मलेरियाही सैनिकांच्या मुळावर आला होता, त्यामुळे सगळ्याच औषध कंपन्या त्याच्या मागे होत्या. जाँ द्रुए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थॅलॅझिन नावाच्या कड्याला हायड्रॅझिनचं शेपूट जोडलेली संयुगं बनवली. त्यातलं एक म्हणजे सी-५९६८. मलेरियासाठी ते निकामी ठरलं. पण प्राण्यांना दिल्यावर त्यांचा रक्तदाब उतरत होता, आणि उतरलेला बराच वेळ खाली राहत होता. फ्रांझ ग्रॉस यांनी द्रुए आणि मायर यांच्यासोबत १९५० मध्ये हे प्रसिद्ध केलं. विशेष म्हणजे दाब उतरूनही मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त आटत नव्हतं, उलट वाढत होतं. औषध नसांवर काम करत नव्हतं. धमन्यांच्या भिंतीतला स्नायू थेट सैल पडत होता, आणि धमनी रुंदावत होती. १९५३ मध्ये हे औषध ॲप्रेसोलिन या नावाने अमेरिकेत विक्रीला आलं. त्याचं शास्त्रीय नाव हायड्रॅलॅझिन. तोंडाने घेता येणाऱ्या रक्तदाबाच्या पहिल्यावहिल्या गोळ्यांपैकी ही एक.

स्नायू सैल पडतो हे दिसत होतं. का पडतो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या क्षणी त्याची फिकीरही कुणी केली नाही, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही. वॉर्डात पक्षाघाताचे रुग्ण खाटांवर पडलेले असताना डॉक्टर आधी गोळी देतो.

गोळी मात्र खोडसाळ निघाली. धमन्या अचानक रुंदावल्या की शरीर घाबरतं, हृदय धडधडायला लागतं, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. डोकेदुखी तर ठरलेलीच. सेंट लुईसमध्ये हेन्री श्रोडर हे औषध रक्तदाबावरच्याच हेक्सामेथोनियमच्या जोडीने देत असत, आणि डोसही सढळ असे. १९५३-५४ मध्ये त्यांच्याकडे आणि क्लीव्हलंडला हॅरिएट डस्टन व अर्विन पेज यांच्याकडे विचित्र रुग्ण दिसू लागले. रक्तदाब आटोक्यात, पण सांधे सुजलेले, अंगात ताप, चेहऱ्यावर चट्टे. हुबेहूब ल्यूपस, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. गोळी बंद केली की बहुतेकांची लक्षणं ओसरत. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत हे प्रमाण जास्त होतं. पुढे कळलं की ज्यांचं यकृत हे औषध सावकाश निकामी करतं त्यांना धोका अधिक. क्षयरोगावरच्या आयसोनायझिडचंही असंच. तीही हायड्रॅझिन कुळातलीच गोळी, १९५२ ची. आज हायड्रॅलॅझिनचा डोस सहसा दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत, तो धडा तेव्हाचा.

हायड्रॅलॅझिनच्या धडधडीवर उतारा सापडला, त्या गोष्टीत मुंबई येते. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम अभ्यासून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला. मुळी आपल्याकडे वैद्यांना पूर्वापार माहीत होती. वकिलांनी ती पाश्चात्त्य डॉक्टरांच्या भाषेत, मोजमापांसह मांडली. त्या निबंधामुळे बाहेरचं वैद्यकीय जग सर्पगंधेकडे वळलं. १९५२ मध्ये पुन्हा सिबाच्याच बाझलमधल्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतलं रेसर्पिन वेगळं काढलं. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. एकाच कंपनीच्या कपाटात आता दोन औषधं होती, एक प्रयोगशाळेत घडवलेलं आणि एक जंगलातून आलेलं. दोन्ही जोडीने दिली की हायड्रॅलॅझिनमुळे होणारी धडधड रेसर्पिन आवरत असे.

या जोडीत मूत्र वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड आलं आणि त्रिकूट पूर्ण झालं. रक्तदाब कमी केल्याने माणसं खरंच जगतात का, या जुन्या वादाचा निकाल याच त्रिकुटाने लावला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी चाचणी आखली. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना तीन औषधं, निम्म्यांना दिसायला तशाच पण पोकळ गोळ्या. १९६७ मध्ये आकडे आले. पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर इजा किंवा मृत्यू, औषधाच्या गटात दोघांना. इतका लख्ख निकाल वैद्यकात क्वचित मिळतो. ‘वयोमानाने बी.पी. असायचंच’ हे वाक्य त्या दिवसापासून बेजबाबदार ठरलं, जरी आपल्या घराघरांतून ते अजून ऐकू येत असलं तरी.

त्यानंतर हायड्रॅलॅझिनचा उतरणीचा काळ. बीटा-ब्लॉकर आले, मग कॅल्शियम रोखणारी औषधं, मग एसीई इनहिबिटर. दिवसातून तीन-चार वेळा घ्यायची, डोकं दुखवणारी जुनी गोळी मागे पडली. १९८६ मध्ये जे कोन यांनी ती आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटसोबत देऊन हृदय निकामी झालेल्यांचं आयुष्य वाढतं असं दाखवलं, आणि २००५ मध्ये तीच जोडगोळी अमेरिकेत फक्त कृष्णवर्णीय रुग्णांसाठी मंजूर झाली, त्यावरून मोठा वाद झाला. पण तिचं खरं घर एव्हाना बाळंतपणाची खोली होतं. गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर काही जणींचा रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, आणि वेळीच आवरलं नाही तर आकडी येते. आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतणारी ही प्री-एक्लॅम्प्सिया. अशा बाईचा रक्तदाब झटपट खाली आणायला शिरेतून हायड्रॅलॅझिन देत आले, जगभर, १९५० च्या दशकापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे, आणि तेही गरोदरपणातल्या तीव्र रक्तदाबापुरतं.

म्हणजे लाखो बायकांना दिलेलं औषध, पण शरीरात ते नेमकं कुठल्या रेणूला चिकटतं हे औषधशास्त्राच्या पुस्तकात लिहिता येत नव्हतं. तिथे कॅल्शियमबद्दल दोन-तीन शक्यता देऊन विषय संपवलेला असे.

कर्करोगाच्या संशोधकांनी मात्र या औषधाला आणि त्याच्या भाऊबंदांना अधूनमधून हात घातला, तोही वेगवेगळ्या कारणांनी. १९८० च्या दशकात डेव्हिड चॅप्लिन आणि इतरांनी उंदरांमध्ये एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. हायड्रॅलॅझिन दिलं की गाठीतला रक्तपुरवठा वाढायच्या ऐवजी घटतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, त्यांच्या भिंतीत धड स्नायू नाही; त्यामुळे त्या रुंदावूच शकत नाहीत. बाकी शरीरातल्या धमन्या रुंदावतात आणि रक्त तिकडे वळतं. खालच्या मजल्यांवर सगळे नळ एकदम सोडले की वरच्या मजल्याला पाणी चढत नाही, तसं. गाठ प्राणवायूला महाग होते. मग प्राणवायू नसतानाच काम करणारी विषं तिथे टाकावीत, असा बेत होता. कल्पना बुद्धिमान होती, पण उपचार म्हणून ती रुजली नाही.

मेंदूच्या गाठीवाल्यांना उलटी अडचण. तिथे औषध पोचवणंच अवघड. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगून असतात की बहुतेक केमोची औषधं पलीकडे जात नाहीत. लॉस एंजेलिसचे शल्यविशारद कीथ ब्लॅक यांनी १९९० च्या दशकात ब्रॅडिकिनिनचा मार्ग धरला. रक्तवाहिन्या रुंदावणारा आणि त्यांच्या भिंती झिरपत्या करणारा हा रेणू १९४९ मध्ये ब्राझीलच्या मौरिसिओ रोशा इ सिल्वा यांना जराराका नावाच्या सापाच्या विषावर काम करताना सापडला होता. थोड्या प्रमाणात दिला तर तो गाठीच्याच वाहिन्या उघडतो, निरोगी मेंदूच्या नाही, असं प्राण्यांत दिसलं. त्याची टिकाऊ नक्कल, आरएमपी-७, कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधासोबत रुग्णांना देऊन पाहिली. २००३ मध्ये चाचणीचे निकाल छापून आले. फायदा दिसला नाही. २००८ मध्ये ब्लॅक यांच्याच गटाने व्हायग्राच्या कुळातली व्हार्डेनाफिल उंदरांवर वापरली, केमो गाठीत जास्त पोचली आणि उंदीर जास्त दिवस जगले. बातम्या झाल्या, मथळे चघळले गेले. माणसांपर्यंतचा पल्ला तसाच राहिला.

तिसरी वाट ल्यूपसमधून निघाली. १९८८ मध्ये मिशिगनच्या ब्रूस रिचर्डसन यांच्या गटाने दाखवलं की हायड्रॅलॅझिन पांढऱ्या पेशींतल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसतं, म्हणून त्या पेशी स्वतःवर उलटतात. मेक्सिको सिटीत अल्फोन्सो दुएन्यास-गोन्सालेस यांनी हाच दोष गुण म्हणून वापरायचं ठरवलं: कर्करोगात दाबून टाकलेली, गाठ रोखणारी जनुकं जागी करायला हायड्रॅलॅझिन आणि व्हॅल्प्रोएट एकत्र. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्यांनी चाचण्या केल्या. मेंदूच्या गाठीपाशी ही वाट गेली नाही.

त्या गाठीबद्दल थोडं सांगायला हवं. ग्लायोब्लास्टोमा हा मोठ्यांमधल्या मेंदूच्या कर्करोगांतला सर्वांत क्रूर. शल्यविशारद दिसेल तेवढी गाठ काढतो, पण तिची मुळं आधीच आजूबाजूच्या मेंदूत पसरलेली असतात. २००५ मध्ये रॉजर स्टुप यांनी ५७३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली: नुसत्या रेडिएशनच्या शेकांनी मध्यम आयुर्मान १२.१ महिने, टेमोझोलोमाइडची गोळी जोडली की १४.६ महिने. ही अडीच महिन्यांची वाढ क्रांती मानली गेली. आजही उपचाराचा पाया तोच. गाठीला रक्तवाहिन्याच फुटू देऊ नयेत म्हणून बेव्हॅसिझुमॅब आलं. सूज उतरली, पण आयुष्य फारसं वाढलं नाही. ग्लायोब्लास्टोमाला प्राणवायूची टंचाई मानवते. गाठीच्या मधोमध पेशी मरून पडलेल्या असतात आणि त्यांच्या कडेने उरलेल्या पेशी अधिकच चिवट होतात.

पेशीतला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्यांत ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ होते. २०१९ चं नोबेल त्यांना त्यासाठीच विभागून मिळालं. त्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी, नोर्मा मॅसन, एमिली फ्लॅशमन, मार्क व्हाइट यांनी, ‘सायन्स’मध्ये दुसरी एक यंत्रणा मांडली. एडीओ हे लोह बाळगणारं विकर. ते काही प्रथिनांच्या टोकावरच्या सिस्टीनला प्राणवायू चिकटवतं. अशी खूण झालेली प्रथिनं पेशी लगेच मोडीत काढते. प्राणवायू कमी पडला की खूण होत नाही आणि ती प्रथिनं टिकून राहतात. वनस्पतींमध्येही हीच रीत चालते: पुरात बुडालेल्या रोपाला श्वास कोंडल्याचं असंच कळतं. एडीओ ज्यांचा काटा काढतं त्यांत आरजीएस-४ आणि आरजीएस-५ ही प्रथिनं आहेत, आणि त्यांचं काम म्हणजे धमनीच्या स्नायूला आकुंचनाचे जे हुकूम येतात ते दाबून टाकणं.

आता फिलाडेल्फियातलं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ. रसायनशास्त्रज्ञ मेगन मॅथ्यूज यांनी आधीच्या कामात हायड्रॅझिनचं शेपूट गळासारखं वापरून पेशीतली विकरं पकडायची पद्धत बसवली होती. कुठलं विकर गळाला लागतं ते पाहायचं, मग त्याचं काम शोधायचं. हायड्रॅलॅझिन हे तर मुळातच तयार गळ. क्योसुके शिशिकुरा, मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो टाकला आणि एडीओ हाती लागलं. औषध त्या विकरातल्या लोहाला धरतं आणि त्याच्या आधाराच्या अमिनो आम्लाशी कायमचं जोडलं जातं. एडीओ ठप्प, आरजीएस प्रथिनं शिल्लक, स्नायूला आकुंचनाचा हुकूम पोचत नाही, धमनी सैल. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये हे आलं. सी-५९६८ चा पत्ता सत्तर वर्षांनी लागला. प्री-एक्लॅम्प्सियात आरजीएस कमी पडत असल्याच्या जुन्या नोंदींशीही तो जुळला.

मेंदूची गाठ या गोष्टीत आली ती इथे. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींना एडीओची गरज असते असं आधीच्या संशोधनात दिसलं होतं. तेव्हा बीपीचं औषध त्या पेशींवर टाकून पाहणं ओघानेच आलं. एकाच मात्रेनंतर पेशींचं विभाजन थांबलं. त्या मेल्या नाहीत. म्हाताऱ्या होऊन जागच्या जागी बसल्या. रक्तदाब आणि मेंदूची गाठ यांचा संबंध कुणी जोडायला गेलं नव्हतं. तो गरोदर बायकांच्या औषधाचं कोडं सोडवताना हाती आला, आणि माझ्या मते या साऱ्या हकिगतीतलं हेच खरं मोल आहे. सत्तर वर्षं ‘काम करतंय ना, मग झालं’ म्हणून बाजूला ठेवलेला प्रश्न कुणीतरी चिकाटीने विचारला. औषध कंपनीला त्यात पैसा नव्हता. पेटंट केव्हाच संपलेलं. असं काम विद्यापीठातच होतं, आणि त्याला अनुदान देताना ‘उपयोग काय’ हा पहिला प्रश्न विचारणाऱ्यांनी ही कहाणी वाचावी.

बातम्यांनी मात्र ‘बीपीच्या गोळीने ब्रेन ट्यूमर थांबतो’ असं छापलं, आणि ते चूक आहे. काचेच्या ताटलीत पेशी थांबल्या. रुग्णाच्या डोक्यात नव्हे. म्हातारी झालेली कर्करोगाची पेशी गप्प बसेलच याची खात्री नसते. ती सूज वाढवणारी द्रव्यं सोडत राहते आणि काही वेळा पुन्हा विभाजनाकडे वळते. आरएमपी-७ चा इतिहास समोर आहेच. त्याहून महत्त्वाची गोष्ट मेंदूच्या शल्यविशारदांना चांगली ठाऊक आहे. गाठीमुळे कवटीतला दाब वाढलेला असतो, आणि मेंदूला रक्त मिळावं म्हणून शरीर स्वतःच रक्तदाब चढवतं. हार्वी कुशिंग यांनी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. हायड्रॅलॅझिन मेंदूतल्या धमन्याही रुंदावतं, त्यामुळे कवटीतला दाब आणखी वाढतो आणि बाकी शरीरातला रक्तदाब मात्र पडतो. म्हणून अशा रुग्णांत ते एरवी टाळतातच. संशोधकही ही गोळी जशीच्या तशी द्या असं म्हणत नाहीत. एडीओला नेमकं धरणारं, मेंदूत नीट शिरणारं, रक्तदाबाला कमी त्रास देणारं नवं संयुग घडवणं हे त्यांचं पुढचं काम आहे.

तेव्हा घरात कुणाला ग्लायोब्लास्टोमा असेल आणि कुणी ही बातमी फोनवर पाठवली, तर गोळी विकत आणू नका. बातमी घेऊन कर्करोगतज्ज्ञाकडे जा आणि अशा औषधांच्या चाचण्या कुठे सुरू आहेत का, ते त्यांना विचारा.